अण्णांची मोटारसायकल का विकली गेली नाही

आशागड, सोमवार
(चहाच्या आधी. चहा घेतला की माझा राग उतरतो, आणि हे पत्र रागातच लिहायचे आहे.)

चि. बाळ्या (वय वर्षे चौसष्ट) यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

मी इकडे ठीक आहे. डावा गुडघा ठीक नाही, पण तो माझ्यापासून वेगळा धरायची सवय मी आता लावून घेतली आहे. चि. सौ. सुषमाचा रक्तदाब कसा आहे? तिला म्हणावे, लोणचे खाऊन वर गोळी घेतली तर गोळीलाही कंटाळा येतो. नाशकात थंडी पडली असेल. तुझ्या अंगणातला कढीपत्ता कसा आहे? अजून त्याच जागी लावलेला आहे ना? सहज विचारते.

काल तू पुन्हा फोनवर माझे एक अक्षर ऐकून न घेता "ताई, तू मुद्दाम व्यवहार मोडलास" असे म्हणालास आणि फोन ठेवलास. फोन ठेवणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, हा फोनचा मोठाच दोष आहे. पत्र ठेवून देता येते, पण ते उशाशी पडून राहते आणि शेवटी वाचावेच लागते. म्हणून लिहिते आहे. अण्णांची बुलेट सुरतेच्या विनोदभाईंना विकायची, हे तू ठरवलेस, तूच त्यांना शोधलेस, तूच रविवारचा दिवस दिलास. माझ्याकडे काम एकच होते: शेडचे दार उघडून बाजूला उभे राहायचे. (आयुष्यभर त्या गाडीच्या बाबतीत मला हेच काम मिळालेले आहे, त्यामुळे सराव उत्तम होता.) विनोदभाईंची अट तुला माहीत आहे. त्यांना जुन्या गाड्या मूळ रंगात लागतात. अण्णांनी घेतली तेव्हाचा तो काळा रंग, त्यावरची सोनेरी रेघ, सगळे जसेच्या तसे. शेडमध्ये इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीवर कोंबड्यांनी अंडी घातली, पण रंग जागेवर होता. तो आता नाही. का नाही, ते सांगते, आणि त्यात माझा दोष कुठे आहे ते तूच मला दाखवून दे.

दक्षा तुला आठवणार नाही. तलासरीकडच्या पाड्यावरची मुलगी, माझ्याकडे भूमितीला होती. वर्तुळ काढताना कंपास वापरायची नाही. "बाई, हाताला येतं," म्हणायची, आणि खरोखर यायचे, त्यामुळे तिला गुण द्यावे की कान धरावा हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. ती आता चित्रकार झाली आहे. वारली चित्रे काढते, मुंबईला प्रदर्शने भरतात, आणि परदेशी बायका तिला मिठ्या मारतात. इथवर माझी काहीच तक्रार नाही. पण गेल्या वर्षभरात तिला मोटारसायकलवाल्या पोरांचा नाद लागला. इकडे त्यांचे एक मंडळ आहे, नाव 'बॉर्डर वाघ'. गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाड नाक्यापासून डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत हे वाघ रविवारी फिरतात, चारोटीला उतरून वडापाव खातात आणि परत जातात. वाघाने वडापाव खाण्यासाठी इतके पेट्रोल जाळलेले मी दुसरे ऐकलेले नाही. मंडळाचा अध्यक्ष नितीन, तोही माझाच विद्यार्थी. (निम्मे मंडळ माझे विद्यार्थी आहे. यावरून माझ्या अध्यापनाबद्दल निष्कर्ष काढू नयेत.) दक्षाने आधी या पोरांच्या टाक्या रंगवून दिल्या: कुणाला मोर, कुणाला ताडाचे झाड आणि त्यावर चढलेला माणूस, नितीनला अर्थातच वाघ. मग तिला वाटू लागले की गाडीवर चित्र काढणे पुरे झाले, आता गाड्यांनी चित्र काढायचे.

गाड्यांनी चित्र! मी तिला दोनदा विचारले, तर दोन्ही वेळा तिने तेच सांगितले. लाल जमीन म्हणजे गेरूने सारवलेली भिंत समजायची. प्रत्येक गाडीच्या मागे फक्कीचा, म्हणजे खेळाच्या मैदानावर रेघा मारतात त्या पांढऱ्या भुकटीचा, भोक पाडलेला डबा बांधायचा. मग सगळ्यांनी एकामागे एक अशी साखळी धरून गोल गोल फिरत तारपा नाचाचा वेढा काढायचा. मधे भोपळ्याचे वाद्य फुंकणारा तारपावाला, भोवती नाचणारे, आणि वरून त्या उडत्या कॅमेऱ्याने फोटो. जागा म्हणून तिला आपले मागचे आवार हवे होते, जिथली म्हातारी चिकूची झाडे काढून मी मुरूम टाकून घेतला आहे. मी हो म्हटले. मला वाटले, चार मुली येतील, रांगोळीसारखे काहीतरी काढतील, चहा पितील आणि जातील. कुणीही भला माणूस हेच समजला असता.

त्यानंतर मी दोन दिवस वसईला मामेबहिणीकडे गेले. परत येऊन पाहते तो शेडचे दार उघडे, आणि दक्षा पाटावर बसून अण्णांच्या बुलेटच्या टाकीवर बांबूच्या काडीने शेवटचे ठिपके देत होती. टाकी गेरूच्या रंगाची. काळा रंग गेला, सोनेरी रेघ गेली, सगळे गेले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. (तुझी वहिनी असती तर म्हणाली असती, इतिहासात प्रथमच. पण तुला वहिनी नाही, कारण मला भाऊ एकच आणि तो तू.) मी ओरडले तेव्हा ही मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, मधे गाडी उभी राहणार, अन् तिच्या अंगावर काहीच नाही? हळद न लावता नवरी मांडवात बसवतात का?" मी म्हटले, कोणी सांगितले ही मांडवात बसणार आहे, हिचे सुरतेला ठरले आहे! तर म्हणते, "मग तर हळद पाहिजेच."

आणि टाकीवर काढले काय होते? नाचणाऱ्यांचा वेढा होता, कोंबड्या होत्या, आपली शेड होती, आणि सगळ्यांच्या पुढे मोटारसायकलीवर स्वार झालेली एक बाई. मागे अंबाडा. डोळ्यांना चष्मा. वारली चित्रात चष्मा मी जन्मात पाहिलेला नाही. दोन त्रिकोण एकमेकांवर ठेवून काढलेली, मुठीत मावेल अशी कंबर. माझा जन्म बावन्न सालचा आहे हे लक्षात घेता, ही सरळसरळ बदनामी आहे. मी दक्षाला म्हटले, ही कोण? ती म्हणाली, "बाई, ते ज्याचं त्याला कळतं." आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर अॅग्नेस असत्या तर या उत्तरासाठी भिंतीकडे तोंड करून उभे केले असते. पण भिंतीकडे तोंड केले असते तर हिने तिथेही काहीतरी काढले असते.

आता दुसरी गोष्ट. मधोमध तारपा वाजवायला दक्षाचे आजोबा देवजी यायचे होते. सगळ्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखा तारपा वाजवणारा नाही. एकदा फुंकर घातली की श्वास न तोडता तासन् तास वाजवतात. पण देवजीबाबांनी नेमक्या त्याच आठवड्यात डहाणूला जाऊन पुढचे दात काढून घेतले. तोंडात हवा राहीना. फुंकर मारली की निम्मी तारप्यात आणि निम्मी समोरच्याच्या तोंडावर. मग त्या दीपकच्या डोक्यातून निघाले (चारोटीला गॅरेज आहे त्याचे, भूमितीत काठावर पास) की बाईंची बुलेट चालू करून मधे ठेवू, तिचा दुग् दुग् आवाज म्हणजेच तारपा. देवजीबाबांनी गाडीचा आवाज ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, "दम हाय. पन बाय, नेम तोच. तारपा वाजतो तवर कोनी थांबायचा नाय. साखळी तोडायची नाय. आन् तारप्याला पाठ दाखवायची नाय." सगळ्या वाघांनी माना डोलावल्या. एकाही वाघाच्या मनात आले नाही की पाठ न दाखवता बाहेर पडायचे तर मागे मागे यावे लागते, आणि मोटारसायकलीला रिव्हर्स गियर नसतो.

दोन आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळी तीस मोटारसायकली आपल्या फाटकातून आत आल्या. शेजारच्या जानीच्या कोंबड्या त्या दिवसापासून अंडी देत नाहीत, आणि जानी ते मला ऐकवते आहे, नितीनला नाही. बुलेट ढकलत मधोमध आणली. अण्णांची किल्ली हरवलेली, म्हणून दीपकने तारा जोडून ती थेट चालू केली होती. बंद करायची म्हणजे एक वायर ओढायची, आणि ते तो करणार होता. मी नुसती एक्सलरेटर धरून बसायचे, दक्षाने हात वर केला की आवाज वाढवायचा, खाली केला की कमी. दक्षा म्हणाली, आवाज बंद झाला की सगळे जिथल्या तिथे थांबतील, गाड्या म्हणजे नाचणारे, आणि फोटो होईल. सगळे आवाज बंद होण्यावर अवलंबून, हे तू ध्यानात ठेव. मी खुर्चीवर बसणार म्हटले तर खुर्चीवरून हात पुरेना. शेवटी गाडी स्टँडवर होती तिच्यावरच मला बसवले. साडीत. एका बाजूने पाय टाकून, जसे अण्णा मला बसू द्यायचे तसे. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर देवजीबाबा, मांडीवर मुका तारपा घेऊन.

तेवढ्यात तुझे विनोदभाई आले. पांढरे कपडे, हातात सुती मोजे, खिशात भिंग. गाडी थेट मधे आहे म्हणताच तेही चालत मधे आले, आणि टाकी पाहून मटकन खाली बसले. "बेन, आ शूं करी नाख्युं! ओरिजिनल कलर!" आणि भिंग काढून कुठे काळा ठिपका उरला आहे का ते शोधू लागले, जसे कुणी जळून गेलेल्या घरात चांदीचा चमचा शोधतो. मी त्यांना समजावणार इतक्यात दीपकची हाक आली: साखळीतला एक वाघ आलाच नव्हता (सासरे आले म्हणून घरी थांबला, हा यांचा वाघ), तेव्हा त्याच्या जागी दीपक उभा राहिला. "बाई, येतोच!" असे म्हणून वायर ओढणारा एकमेव मनुष्य साखळीत गेला. आणि दक्षाने हात वर केला.

बाळ्या, पुढचे मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. तीस गाड्या फिरू लागल्या आणि फक्की उडू लागली. पहिला वेढा सुरेख झाला असावा, कारण दक्षा उड्या मारत होती. दुसरा झाला, तिसरा झाला, गाड्या आत आत आल्या. मग दक्षाने हात खाली केला. मी मूठ सोडली. आवाज कमी झाला, पण बंद होईना. दुग्, दुग्, दुग्, अगदी अण्णा जेवणानंतर शतपावली घालायचे त्या चालीत. तारपा वाजतो आहे म्हणजे थांबायचे नाही. ते पुन्हा फिरले. रेघांवर रेघा. मी दीपकला दोन्ही हात हलवून खुणावले, की बाबा, ये. त्या गाढवाला वाटले बाई रंगात आल्या. त्यानेही दोन्ही हात हलवले, आणि सगळ्यांनी वेग वाढवला. विनोदभाई घाबरून निघाले, तर देवजीबाबांनी काठी उगारली, "ओ शेट! पाठ नाय!" मग ते बिचारे तोंड माझ्याकडे आणि चाल मागे, असे जात जात नेमके साखळीत शिरले आणि नितीनच्या गाडीचा कॅरियर धरून बाकीच्यांबरोबर फिरू लागले. फिरता फिरता ओरडत होते, "बेन, बंद करो! बेन, बंद करो!" मी ओरडत होते, "कसं करू?" आणि वायर तर चार होत्या. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला लॅटिन प्रार्थना शिकवली, नॅपकिनची कमळे करायला शिकवली, पण चारांतली कोणती वायर ओढायची हे शिकवले नाही. मी नखशिखांत पांढरी झाले होते. रव्यात घोळलेल्या पापलेटची बाजू मला त्या दिवशी प्रथमच समजली.

मग माझे लक्ष डाव्या मुठीखालच्या त्या छोट्या दांडीकडे गेले. तुला ती आठवेलच. संध्याकाळी अण्णा स्टेशनवर चिकूच्या करंड्या पोचवून यायचे, फाटकाशी ती दांडी ओढायचे, आणि गाडी एक सुस्कारा टाकून गप्प व्हायची. मी ती ओढायला रोज धावत जायचे. "दांडीला हात लावायचा नाही," हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलेले आहे. तुला मात्र चौदाव्या वर्षी आख्खी गाडी दिली, आणि तू ती नाल्यात घातलीस, आणि बोलणी मला बसली, की थोरली असून लक्ष नव्हते. मी ती दांडी ओढली, बाळ्या. दम लावून ओढली. गाडीने तोच सुस्कारा टाकला.

इतकी शांतता आपल्या आवारात पूर्वी कधी झाली असेल असे वाटत नाही. तीसच्या तीस गाड्या जागच्या जागी उभ्या. (वर्गात हे कधीच जमले नव्हते.) देवजीबाबांनी काठी खाली ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "बाय, तू चांगला वाजवलास." मी त्यांना म्हटले, मी काही वाजवले नाही, मला फक्त थांबवता येत नव्हते. ते म्हणाले, "मंग तेच तर."

फोटो तू पाहिलाच असशील, सगळ्या जगाने पाहिला. वेढा समान अंतराचा नाही, उत्तरेकडे फुगला आहे, हे मी दक्षाला लाल पेन्सिलीने दाखवून दिले आहे. मधे पांढरा गोळा दिसतो ती मी. आणि नाचणाऱ्यांत मागे झुकलेला, एक हात हवेत टाकलेला, सगळ्यांत झोकात नाचणारा जो दिसतो, ते तुझे विनोदभाई. ते तोंड न धुता, कुणाचाही निरोप न घेता गाडीत बसून सुरतेला गेले.

तर असा तो व्यवहार मोडला. दोष लावायचाच तर दक्षाला लाव, कारण रंग तिने घालवला. दीपकला लाव. देवजीबाबांच्या दातांना लाव. सासरे आले म्हणून घरी बसलेल्या त्या वाघाला लाव. मला लावू नकोस. मला न विचारता माझ्या अंगणात, माझ्या देखत, माझीच कंबर बारीक करून हे सगळे घडले, आणि मी संतापाने अजून नीट जेवत नाही. (काल दोनच पोळ्या आणि थोडा भात.) दक्षाला मी या घराची पायरी चढू नकोस असे बजावले आहे. ती म्हणाली, "बरं बाई," आणि आता मागच्या दाराने येते.

सुषमाला आशीर्वाद. लोणच्याचे लक्षात ठेव.

तुझी अन्यायग्रस्त थोरली बहीण,
मालिनी

ता. क. — खोटे लिहायची मला सवय नाही, म्हणून हेही लिहिते. आज सकाळी विनोदभाईंचा फोन आला होता. तो फोटो म्हणे त्यांच्या नातवंडांनी पाहिला आणि घरात त्यांची किंमत एकदम वाढली. त्यांना गाडी आता आहे तशीच, चित्रासकट हवी आहे. तेव्हा नको होती त्यापेक्षा आज जास्त हवी आहे. मी त्यांना सांगितले, तुम्ही तारप्याला पाठ दाखवून गेलात, आता इलाज नाही. त्यांनी तुला फोन केला तर तूही हेच सांग. नियम म्हणजे नियम.

ता. क. २ — दीपक किल्ली नवी करून देतो आहे. संध्याकाळी तो आवारात येतो आणि सायकल शिकवतात तसा मागे कॅरियर धरून पळतो. मला सरळ जाता येते. डावीकडे वळता येते. उजवीकडे वळायला अजून जमत नाही, म्हणून मी तीनदा डावीकडे वळते. भूमिती वाया जात नाही. शिकाऊ परवाना आला. फोटोत मी फार रागीट दिसते असे तिथला कारकून म्हणाला. मी म्हटले, तुम्ही मला हसताना पाहिलेले नाही, ते याहून वाईट असते.

ता. क. ३ — दोन चाकांवर माझ्या डाव्या गुडघ्याचा भरवसा नाही. गाडीची जी साइडकार अण्णा गेल्यावर तू 'आठवण म्हणून' नाशकाला नेलीस आणि अंगणात ठेवून जिच्यात कढीपत्ता लावलास, ती मला परत हवी आहे. नितीनचा टेम्पो गुरुवारी नाशकाला द्राक्षे आणायला येणार आहे. कढीपत्ता मातीसकट उचलून बादलीत लाव, उपटू नकोस, त्याचा यात काही अपराध नाही. दक्षाने रंग तयार ठेवला आहे. दीपक म्हणतो, रिकामी साइडकार लावली की गाडी एका अंगाला ओढते, तिच्यात बेताचे वजन पाहिजे. तुझे वजन बेताचे नाही, पण घरचे आहे. तेव्हा टेम्पोत तूही बस.

चालवणार मी. दांडीला हात लावायचा नाही.